बापाची काटवट

माझं नाव मारोती. जामसावळीच्या मारोतीले मायनं नवस केला अन् मी झालो, म्हून मारोती. घर आमचं पांढुर्ण्याले, सोनारांच्या दुकानामागच्या बोळात, अन् धंदा झारेकऱ्याचा. तुम्ही गुरुजी माणूस, तुम्हाले हा धंदा मालूम नसन त सांगतो. सोनार दागिना घडवते, कानस चालवते, तवा सोन्याचा चुरा उडते, चटईत जाते, पायाच्या धुळीत जाते, हात धुतले की मोरीत जाते. ती झाडलेली धूळ अन् मोरीतला गाळ आम्ही उचलून आणाचा, जाम नदीवर न्याचा, धुवाचा, अन् त्यातून दिसन न दिसन एवढं सोनं काढाचं. लोक म्हणत कचरा धुणारे. म्हणोत. त्या कचऱ्यावर माझ्या बापानं तीन बहिणी उजवल्या अन् कोणाच्या दारात हात पसरला नाई.

धुवाची वस्तू एकच, काटवट. तुमच्या घरी पीठ मळाले असते तशीच लाकडाची, पण आमची उथळ, पसरट, शिवणीच्या एका खोडातून कोरलेली. गाळ घ्याचा, पाणी घ्याचं, फिरवाचं, अन् मनगटाचा असा एक झटका द्याचा की हलकी माती काठावरून निघून जाईन अन् जड ते बुडाशी राहीन. पहिले काळी रेती राहते, मंग त्या काळ्या रेतीच्या शेपटीले पिवळा कण. हे हातात असावं लागते, सांगून येत नाई. माझा हात चांगला होता, मीच सांगतो, आता दुसरा कोण सांगन, ज्यांनी पाहिला ते सब्बन गेले.

आमच्या घरचा एक नियम होता. धुणारा माणूस मेला की त्याची काटवट जाळाची. कारण लाकूड सोनं पिते. चाळीस-पन्नास वर्षांचे कण त्याच्या रेषांत, भेगांत जाऊन बसते. जाळली की राखेतून मोहरीएवढं का होईना सोनं निघते, अन् ते त्याच मेलेल्याच्या तोंडात ठेवाचं. जलमभर दुसऱ्याचं धुतलं, आता आपलं घेऊन जा बाप्पा. माझा बाप गेला तवा माय म्हणे जाळ, काका म्हणे जाळ, अन् मी जाळली नाई. त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला होता काठावर, माझा अंगठा बरोबर त्यात बसे. मन झालं नाई, काय सांगू तुम्हाले. सोनाराकडून एक कण मागून आणला, तो बापाच्या तोंडात ठेवला, अन् काटवट कोठीच्या मागे लपवून ठेवली. पुढचं सब्बन त्याच्यातून झालं.

पांढुर्ण्यात पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच्या आगेमागेची गोष्ट हाय. सोनारांचं काम बसलं होतं, तयार दागिने नागपूरहून येत, मंग धूळ पडन कोठून? तवाच तिगावच्या टेशनावर सर्वेवाल्यांचं सामान उतरलं, तंबू, पेट्या, लोखंडी दांडे, नकाशे. सौंसरकडच्या टेकड्यांत त्यांचा कॅम्प पडला. कोणी तरी सांगितलं की साहेबाले रेती धुणारा पाहिजे, सोनं पाहून राहिले. मी दुसऱ्याच दिवशी बापाची काटवट खांद्यावर टाकून हजर.

साहेब तरणाबांड, कटककडचा, एकटा जीव, हिंदी तुटक तुटक बोले, पण समजावून सांगे. इतका मोठा माणूस, पण मले टेकडीवर नेऊन गोटे दाखवले. म्हणे मारोती, तुझ्या पांढुर्ण्याकडे काळी माती, तिच्याखाली काळा कातळ, तो आगीचा रस थंडा होऊन झाला, जमिनीच्या हिशेबानं तो कालचा पोट्टा हाय, त्याच्यात सोनं पाहू नको. सौंसरकडे ती काळी चादर फाटली अन् खालचा बुढा गोटा वर निघाला, म्हून त इकडे मॅंगनीजच्या खदानी हायत. या बुढ्या गोट्याले कधी भेगा पडल्या, भेगांतून खालून गरम पाणी चढलं, अन् ते थंडं होता होता पांढरी गार, म्हणजे गारगोटी, धरली. गारेच्या पट्ट्यात जंग लागल्यावानी भोकं दिसली की समज, इथं आशा हाय. अन् नाला काय करते, नाला टेकडीची चुगली करते. नाल्याची रेती धू. कण दिसला की वर चाल. जिथं कण दिसाचे बंद होतीन, तिथंच कोठं तरी पट्टा दबला असन. गुरुजी, मी चौथी नापास, पण ते मले असं समजलं की आजही झोपेत सांगीन.

साहेबाच्या लोखंडी पराती येवाच्या होत्या, त्या काही येत नव्हत्या. म्हून मी काटवटीतच धुतलं. जामसावळीले नारळ फोडून काम चालू केलं, अन् पहिल्याच नाल्यात तिसऱ्या धुण्याले कण निघाला. साहेबानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, अन् चिखलाच्या अंगानं मले मिठी मारली. नकाशावर लाल पेन्सिलीनं गोल केला. मंग दुसऱ्या नाल्यात एक, तिसऱ्यात दोन. अन् एका जाड्या गारेच्या पट्ट्याखाली, जिथं जाडी गिट्टी होती, तिथं एका धुण्यात पाच. मी जिथं धुतलं तिथं सोनं. माणसाले शंका यावी नं? मले आली नाई. मले वाटलं माझा हातच तसा हाय. अभिमान चढला की डोळ्यावर झापड येते, बैलाले बांधते तशी.

पाच कण निघाले तिथं गड्डा खोदाचं ठरलं, खालचा पट्टा गाठाले. माणसं पाहिजे होती त मी माझ्या साळ्याले आणलं, सुखदेवभाऊले. शांतीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मोठा भाऊ. सावरगावचा. आमच्या नदीच्या पल्याडचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत तो त्या काठावर अन् मी या काठावर. दिवसभर मले नेम धरून गोटे मारे अन् तिसऱ्या दिवशी माझ्याच घरी येऊन जेवे, शांतीले म्हणे, वाढ वो बाई, तुझा नवरा जित्ता ठेवला त्याची भाजी वाढ. असा माणूस. माय लहानपणीच गेली म्हून शांतीले त्यानंच वाढवलं, वेण्या घालून देल्या, लगन लावून देलं. त्याची स्वतःची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मंग त्यानं केलं नाई. शांतीले माहेर म्हणजे तो एक माणूस.

खदानीत काम करून त्याची छाती बसली होती, कॅम्पात त्याले बरं वाटे, उघड्या हवेत. साहेबानं त्याले मेट केलं, अठरा माणसं त्याच्या हाताखाली. सुखदेव कुठे हाय, सुखदेवले विचारा, असं दिवसभर चाले. त्याले जलमात कोणी काही विचारलं नव्हतं.

अन् मंग लोखंडी पराती आल्या. कॅम्पातल्या दुसऱ्या माणसानं, माझ्याच शेजारी बसून, त्याच नाल्याची रेती परातीत धुतली. काही नाई. दहा वेळा धुतली, काही नाई. साहेब हसला, म्हणे तुझा हात कच्चा हाय, मारोतीचा पाहा. मी काटवटीत धुतली, दोन कण. सब्बन हसले. मीही हसलो. पण गुरुजी, मले बापाचा आवाज आला, लाकूड सोनं पिते.

आठवड्याची सुट्टी होती, घरी गेलो. शांती नदीवर गेली होती धुणं घेऊन. मी आंगणातली माती घेतली, आमच्या आंगणातली, काळी, ज्याच्यात साहेब म्हणे सोनं पाहू नको. त्याच्यात वाटीभर जाडी गिट्टी टाकली. काटवटीत धुतली. काळ्या रेतीच्या शेपटीले चार कण चमकले. पिवळे, जुने, घासलेले. माझ्या बापानं धुतलेले सोनाराचे कण, बांगड्यांचे, नथांचे, कोणकोणाच्या लगनातले. गिट्टीनं लाकूड खरवडे अन् ते बाहेर निघत. मी तिथंच ओल्यात बसून राहिलो. टेकडीत काहीच नव्हतं. जे होतं ते सब्बन माझ्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पात सुखदेवभाऊले बाजूले घेतलं अन् सांगितलं. लपवणं मले जमलं नसतं. मी म्हटलं, साहेबाले सांगून टाकतो. त्यानं गड्ड्याकडे पाहिलं, मंग माझ्याकडे, अन् म्हणे जवाई, चूप राय. सांगशीन त साहेब म्हणन तूच सोनं टाकलं, फसवलं, तुले पोलिसात देतीन. अन् इथं अठरा चुली पेटून राहिल्या. सँपल लॅबमधे गेले हायत, लॅबचा कागद होळीपर्यंत येईन, कागदच सांगन की काही नाई. कागदानं सांगितलं की कोणाचा गुन्हा नाई. तू कायले मरतं? त्याचं काही चुकलं होतं का गुरुजी? मले अजून ठरवता येत नाई. मी चूप राहिलो. साहेब रोज विचारे, आज किती कण, अन् मी एक-दोन सांगून देई.

मंग पौषात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. गड्डा चार पुरुष खोल गेला होता. त्याच्या बाजूले लावाच्या फळ्या सौंसरहून येवाच्या होत्या, आज येतीन उद्या येतीन चालू होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं अन् काम चालू झालं. खाली उतरून सँपल भरणं हे माझं काम. त्या दिवशी माझ्याच्यानं उतरवेना. खोट्या गड्ड्यात उतराचं, खोटी पोतडी भराची, वर येऊन खोटे कण दाखवाचे. मी म्हटलं पोट दुखते. सुखदेवभाऊ समजला. हळूच म्हणे, बस तू, मी जातो. सोनं नाई त नाई, माती त हाय, मातीले कोण खोटं म्हणन? अन् हसत हसत दोरावरून उतरला.

जेवाची सुट्टी व्हाची होती, तेवढ्यात गड्ड्याची बाजू खचली. आवाज लय मोठा झाला नाई. पोतं टाकल्यावानी झाला, अन् मंग चूप. आम्ही हातानं माती काढली, टोपल्यानं काढली, साहेबही उतरला, त्याच्या बोटांतून रक्त निघून राहिलं होतं. दिवस बुडता बुडता सुखदेवभाऊ निघाला. मी त्याच्या तोंडातली माती पुसली. इतकंच आठवते, बाकीचं मले आठवत नाई, आठवावंही वाटत नाई.

त्याले सावरगावले नेलं. अन् मी घरी येऊन काटवट जाळली. जी बापाच्या वेळेले जाळाची होती ती आता जाळली. राख धुतली, टाकणखार घालून कोळशावर फुंकलं, गव्हाच्या दाण्याएवढा मणी निघाला. सकाळी जामच्या काठावर, अग्नी द्याच्या आधी, मी तो मणी सुखदेवभाऊच्या तोंडात ठेवला. मले वाटलं होतं काही तरी फिटन. पण चार माणसांनी ते पाहिलं. मारोतीजवळ एवढं सोनं कोठून आलं? गड्ड्यातून आलं, दुसरं कोठून येणार! तिसऱ्या दिवसापर्यंत पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत झालं की गड्ड्यात सोनं हाय, धरतीनं माणूस घेतला म्हणजे हायच, उगाच कायले घेईन? अन् मी तवाही चूप. ज्या माणसानं एकदा चूप बसणं शिकलं त्याले मंग तेच येते.

लॅबचा कागद आला, सब्बन शून्य. साहेबाले पटलं नाई. कॅम्प उठला त्या दिवशी त्यानं मले विचारलं, मारोती, देवाची शपथ घेऊन सांग, नाल्यात कण होते नं? मी म्हटलं होते साहेब. तो म्हणे मंग पट्टा आणखी खाली हाय, मी तसं लिहून ठेवतो, कोणी तरी पुन्हा येईन. त्यानं लिहून ठेवलं असन. एखाद्या कपाटात तो कागद पडला हाय, त्याच्यावर माझ्या बापाच्या काटवटीचे लाल गोल हायत, अन् या जागेत आशा हाय असं लिहिलं हाय. मले त्या कागदाचं भ्या वाटते.

पण खरं भ्या शांतीचं. तिच्या मनानं घेतलं की भाऊ गेला नाई, भाऊ सोन्यावर बसला हाय, राखण करून राहिला. पहिल्या भाऊबीजेले ताट सजवलं, निरांजन, सुपारी, करंज्या, अन् मोटारीत बसून, पुढं टेकडी चढून गड्ड्यावर गेली, अन् गड्ड्याले ओवाळलं. बाया म्हणाल्या मेलेल्या माणसाले ओवाळत नाई वो बाई. तिनं ऐकलं नाई. म्हणे माझा भाऊ साधा मेला नाई, त्याच्या तोंडात त्याच्याच मेहनतीचं सोनं पडलं. दरसाल. मी ताट धरून तिच्या मागे. ती खाली वाकून म्हणे, भाऊ, मी आली रे. अन् मले खालून त्याचं हसणं ऐकू ये. दिसता त बरं झालं असतं, शिव्या देता त बरं झालं असतं. फक्त हसे, दोरावर हसला होता तसं. घरी वरणाच्या वाटीत, हळदीच्या पाण्यात कोठं पिवळं चमकलं की माझा हात थांबे. शांती विचारे जेवत काहून नाई? मी म्हणे पोट दुखते.

मी सांगत नव्हतो त भ्यावापायीच, पण आणखी एक होतं. तिचा भाऊ सोन्यावर बसला होता. मी सांगितलं असतं त तो नुसत्या मातीखाली गेला असता, माझ्या एका लाकडापायी. तिच्याजवळ तेवढंच होतं, ते कसं हिसकू?

असे लय साल गेले. मंग एका दिवाळीच्या तोंडावर बातमी आली की दोन-तीन जण कुदळी घेऊन गड्ड्यावर लागले हायत. शांती कोणाले न सांगता गेली. मी पोचलो त ही बुढी गड्ड्याच्या अगदी काठावर, भुसभुशीत मातीवर बसलेली, उन्हात, मांडीत गोटे घेऊन. सावरगावची नं ती. कुदळवाले दूर उभे. ती वरडून राहिली होती, माझ्या भावाचं सोनं हाय, हात लावाल त डोकं फोडीन. तिच्या पायाखालची माती ढिली होऊन खाली पडून राहिली होती, चिमूट चिमूट. मी तिले मागून धरून ओढलं. 

तिथंच त्या पोट्ट्यांले सांगितलं, बाबूंनो, इथं काही नाई, घरी जा. त्यांनी ऐकलं का नाई कोण जाणे. अन् घरी येऊन, दिवा लागला तवा, शांतीले समोर बसवलं अन् सब्बन सांगितलं. काटवट, आंगणातली माती, तो मणी. पोट दुखत नव्हतं हेही सांगितलं. माझ्या जागेवर तो गेला हे सांगितलं. ती रडली नाई. पदराचा काठ बोटाले गुंडाळे अन् सोडे. लय वेळ. मले वाटलं आता उठन अन् चालली जाईन, अन् ती गेली असती त मी अडवलं नसतं.

मंग तिनं एकच विचारलं. भाऊले मालूम होतं काय, खाली काही नाई म्हून?

गुरुजी, मी ठरवून बसलो होतो की आज खोटं बोलाचं नाई. अन् खरं ते होतं की त्याले मालूम होतं, त्यानंच मले चूप बसवलं, अन् मालूम असूनही तो उतरला. मी तेवढं म्हटलं असतं की होय, मालूम होतं, त माझा अर्धा गुन्हा त्याच्यावर गेला असता, अन् तो काही सांगाले येणार नव्हता. माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, नाई. त्याले मालूम नव्हतं. सोनं आणतो म्हूनच उतरला तो, खुशीत.

तिनं डोळे मिटले. म्हणे, मंग ठीक हाय. अन् उठून तवा ठेवला. त्या दिवशीची भाकर मी पोटभर खाल्ली, निर्लज्जावानी.

त्या साली भाऊबीजेले ती टेकडीवर गेली नाई. आंगणात उभी राहून चंद्राले ओवाळलं, ज्यांले भाऊ नसते त्या बाया ओवाळतात तसं. बीजेचा चंद्र तो, नखाएवढा, दिसला न दिसला की बुडते, म्हून ती घाई करते. आता दरसाल तसंच. भांडत नाई, टोमणा नाई, औषध हातात आणून देते. फक्त ओवाळताना मले ताट धरू देत नाई.

माझं वय झालं. तुम्ही इतके दिवस येऊन बसले, ऐकून घेतलं, तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो. हे सब्बन लिहा, अन् त्या गड्ड्यात काही नाई हे मोठ्या अक्षरात लिहा, कोणी कुदळ घेऊन गेला त त्याले दाखवता येईन. एकच करा. शांतीले वाचता येत नाई, ती तुम्हाले म्हणन, गुरुजी, बुढ्यानं काय सांगितलं, वाचून दाखवा. वाचा. फक्त सुखदेवभाऊ माझ्याशी जे बोलला होता, अन् मी तिले जे खोटं सांगितलं, तेवढी पानं उलटून द्या.